ओल्या कचऱ्याचा गॅस झाल्यावर उरते ते

शहरातील घराघरांतून रोज जो कचरा निघतो, त्यातील निम्मा किंवा त्याहूनही अधिक भाग भाजीची देठे, फळांच्या साली, उष्टे-खरकटे, निर्माल्य, चहाचा चोथा अशा कुजणाऱ्या वस्तूंचा असतो. हा ओला कचरा गाडीत घालून गावाबाहेर नेऊन टाकणे ही आपल्या नगरपालिकांची जुनी रीत. पण ‘गावाबाहेर’ म्हणजे कोणाच्या दारात, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. मुंबईतील देवनारच्या क्षेपणभूमीवर १९२७ पासून कचरा पडत आला. तिच्या भोवती गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी या कष्टकऱ्यांच्या वस्त्या वाढल्या. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. तो धूर ज्यांच्या घरात शिरला ती माणसे कोण होती हे आपल्या सभासदांना वेगळे सांगण्याची गरज नाही. ओला कचरा ढिगात दबून सडला की त्यातून मिथेन वायू निघतो, आणि अशा आगींना खतपाणी मिळते ते त्याचेच.

हाच वायू बंद टाकीत धरून वापरता येतो हे आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस निर्माण करून त्यावर दिवे लावल्याची नोंद सापडते. समाजाने बाहेर काढलेल्या माणसांच्या आश्रमात हा प्रयोग व्हावा, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे गोबरगॅस खेडोपाडी पोहोचला. शहरी कचऱ्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ ही पद्धत विकसित केली. तीत वेगळा केलेला ओला कचरा पाण्याबरोबर दळून त्याचा पातळ लगदा करतात. हा लगदा आधी हवा खेळवलेल्या व कोमट ठेवलेल्या टाकीत काही दिवस राहतो आणि नंतर मुख्य बंद टाकीत जातो. स्त्री मुक्ती संघटनेने कचरा वेचणाऱ्या भगिनींना असे प्रकल्प चालविण्याचे शिक्षण दिले व त्यांनी ते चालवूनही दाखविले.

गॅसविषयी बरेच लिहिले व बोलले जाते. उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे शेगडी पेटवितात, टाळ्या पडतात. परंतु टाकीच्या दुसऱ्या तोंडातून जी काळसर, पातळ स्लरी बाहेर येते, तिच्याबद्दल ‘त्याचे उत्तम खत होते’ एवढे एकच वाक्य असते. या लेखात त्या एका वाक्याचाच विचार करावयाचा आहे, कारण ते जसेच्या तसे खरे नाही. स्लरीचे खत ‘होते’ असे नव्हे, ते करावे लागते.

टाकीत काय जाते, काय उरते

टाकीत हवा नसते. तेथे निरनिराळ्या जातींचे जिवाणू एकापाठोपाठ एक काम करतात. पहिल्या गटातील जिवाणू पिष्टमय पदार्थ, प्रथिने व चरबी फोडून विरघळवितात. दुसरे त्यांची आम्ले बनवितात. तिसऱ्या गटातील जिवाणू त्या आम्लांपासून अॅसेटिक आम्ल व हायड्रोजन तयार करतात आणि शेवटचे जिवाणू त्यांचे मिथेन करतात. शेवटचे जिवाणू फार नाजूक. टाकीत एकदम जास्त कचरा कोंबला तर आम्ले साचतात, हे जिवाणू दबतात, गॅस घटतो आणि बाहेर येणारी स्लरी आंबट, घाण वासाची असते. अशी अर्धकच्ची स्लरी झाडाला घातली तर मुळे करपतात. म्हणजे खताची प्रत टाकी कशी चालविली येथपासूनच ठरू लागते.

आता एक ढोबळ हिशेब मांडू. विद्यार्थ्यांनी तो वहीत करून पाहावा. १००० किलो ओल्या कचऱ्यात साधारण ७५० किलो पाणीच असते, राहिला २५० किलो सुका अंश. त्यातील सुमारे २१० किलो जळण्याजोगा सेंद्रिय भाग व बाकी राख, म्हणजे खनिजे. सेंद्रिय भागापैकी चांगल्या टाकीत सुमारे १५० किलो गॅसच्या रूपाने निघून जातो. उरतो १०० किलो सुका अंश, आणि तोही भरपूर पाण्यात मिसळलेला.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली चांगली. गॅसबरोबर कर्ब जातो, परंतु नत्र, स्फुरद व पालाश जवळजवळ सगळेच टाकीत राहतात. सुक्या अंशाच्या तीन टक्क्यांच्या आत-बाहेर नत्र धरला, तर एक टन कचऱ्यामागे सुमारे ७ किलो नत्र स्लरीत असतो. युरियाच्या हिशेबाने तो १५ किलो, म्हणजे ४५ किलोच्या गोणीचा एक तृतीयांश भाग झाला. दुसरी गोष्ट काळजीची. शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू कचऱ्यात आले असतील तर तेही कोठे जात नाहीत. ते आधी २५० किलोत पसरलेले होते, आता १०० किलोत एकवटले. त्यांची तीव्रता अडीच पट झाली. जिवाणू धातू पचवीत नाहीत. म्हणून बॅटरीचा एखादा सेल, रंगाचा डबा किंवा फुटलेली ट्यूबलाईट ओल्या कचऱ्यात जाऊ न देणे हे खत चांगले होण्याचे पहिले काम आहे, आणि ते कारखान्यात नव्हे, स्वयंपाकघरात होते. २००० सालच्या व नंतर २०१६ सालच्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण सांगितले ते एवढ्याचसाठी.

नत्र उडतो कसा

स्लरीतील नत्राचा अर्ध्याहून अधिक भाग अमोनियाच्या रूपात असतो. पिकाला तो लगेच लागू पडतो हा फायदा, पण तो उडूनही तितक्याच लवकर जातो हा तोटा. स्लरीचा सामू आठच्या आसपास असतो. सामू जितका जास्त आणि ऊन जितके कडक, तितका अमोनिया वेगाने हवेत जातो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काय करतात? स्लरी उघड्या वाफ्यात सोडतात, पाणी जिरू किंवा वाहू देतात आणि वर राहिलेला साका उन्हात खडखडीत वाळवून पोत्यात भरतात. पोत्यावर ‘सेंद्रिय खत’ असा शिक्का बसतो. प्रत्यक्षात नत्राचा मोठा हिस्सा पाण्याबरोबर गटारात गेलेला असतो आणि दुसरा हिस्सा उन्हात उडालेला असतो. पालाशही बहुतांशी पाण्यातच जातो. साक्यात राहतात ते मुख्यत्वे स्फुरद आणि न पचलेले तंतू. मग शेतकरी म्हणतो, तुमच्या खताने काही फरक पडला नाही. त्यात त्याची चूक नाही.

त्यापेक्षा बरा मार्ग असा. स्लरी टाकीतून आल्यावर तिचे घट्ट व पातळ असे दोन भाग करावेत. लहान प्रकल्पात वाळू-खडीचा गाळणवाफा किंवा गोणपाटाची झोळी पुरते, मोठ्या ठिकाणी दाबयंत्र लागते. पातळ भाग झाकलेल्या टाकीत धरावा. त्यातला काही भाग नवा कचरा दळताना पाण्याऐवजी परत वापरता येतो. परंतु सगळाच पुनःपुन्हा फिरवीत राहिले तर मीठ व अमोनिया साचत जातो आणि गॅस कमी होतो. उरलेला भाग पाण्यात मिसळून शेताला द्यावा, तोही पानांवर न शिंपडता मुळाजवळच्या चरीत, संध्याकाळी, आणि वरून माती लोटून. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर, मुळा, काकडी अशा पिकांना तो घालू नये.

घट्ट भागाचे कंपोस्ट

घट्ट भाग अजून जिवंत आहे असे समजावे. त्यात पचन अर्धवट थांबलेले असते आणि हवा मिळताच ते नव्याने सुरू होते. म्हणून त्याला आता हवेत कुजवावयाचे असते. कचऱ्याचे हवेतील कंपोस्ट करण्याचे शास्त्र आपल्या देशातच आकाराला आले. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे काम करून ‘इंदूर पद्धत’ बसविली. पुढे १९३९ मध्ये आचार्य यांनी बंगळूर येथे शहरातील कचरा व मैला थरांनी पुरण्याची पद्धत मांडली. या पद्धतींची वर्णने पुस्तकांत मिळतात. ते थर प्रत्यक्ष लावणाऱ्या हातांची नावे मात्र कोठे मिळत नाहीत.

आपल्या घट्ट स्लरीत ओल फार व हवेला जागा नाही, अशी दुहेरी अडचण असते. तिच्यात सुका पालापाचोळा, उसाचे पाचट, लाकडाचा भुसा किंवा नारळाचा काथ्या मिसळावा. आकारमानाने एकास एक मिसळले तरी चालते, पण हाताची परीक्षा अधिक खरी. मूठभर मिश्रण घट्ट दाबले असता बोटांतून थेंब-दोन थेंब निघावेत, धार लागू नये. म्हणजे ओल पन्नास ते साठ टक्के आहे. या सुक्या पदार्थांनी कर्बही मिळतो. कर्ब-नत्र गुणोत्तर पंचवीस-तीसच्या जवळ आले की जिवाणू अमोनिया आपल्या शरीरात बांधून ठेवतात व तो उडून जाणे कमी होते. पालापाचोळा जाळणाऱ्या सोसायट्यांना एवढे एकच कारण सांगितले तरी पुरे.

मिश्रणाची कंबरेएवढी उंच, लांबट रास करावी. तळाला फरशी व निचऱ्याची नाली असावी आणि पावसाळ्यात वर छप्पर हवेच. कोकणात तर छपरावाचून हा उद्योग करू नये, सगळे सत्त्व धुऊन जाईल. रास दोन-तीन दिवसांत तापते. आतील उष्णता ५५ अंश सेल्सिअसवर जाऊन तेथे टिकली पाहिजे. उघड्या राशीसाठी सर्वमान्य मोजमाप असे की, पंधरा दिवस ही उष्णता राहावी व त्या काळात रास पाच वेळा उलटावी, म्हणजे बाहेरचा थर आत जाईल.

या उष्णतेचा आग्रह का? साध्या बायोगॅस टाकीतील ऊब ३५ अंशांच्या आसपास असते. तेवढ्याने रोगजंतू कमी होतात, संपत नाहीत. पोटातील जंतांची अंडी तर फार चिवट. ओल्या कचऱ्यात लहान मुलांचे लंगोट व इतर नको त्या वस्तू येतात, हे कचरा निवडणाऱ्या भगिनींना चांगले ठाऊक आहे. अशा कच्च्या खतात हात घालणारी व अनवाणी पायांनी निंदणी करणारी माणसे पुष्कळदा एकाच जातीवर्गातील असतात. एका टोकाला कचऱ्यातला हात, दुसऱ्या टोकाला शेतातला पाय. खतातील काचेचा तुकडा शोधावयाचा असेल तर तो चाळणीने शोधावा, शेतमजूर बाईच्या तळपायाने नव्हे. म्हणून तयार खत चार मिलिमीटरच्या चाळणीतून काढण्याचा नियम आहे, तो पाळला गेलाच पाहिजे.

तापण्याचा काळ संपल्यावर रास हळूहळू थंड होते. येथे घाई होते. गिऱ्हाईक दाराशी असते, जागा अपुरी असते आणि माल काळा दिसू लागलेला असतो. पण काळा रंग म्हणजे पक्वता नव्हे. आणखी महिना-दोन महिने ओल राखून ते मुरू द्यावे लागते. या काळात उरलेल्या अमोनियाचे नायट्रेट होते आणि ह्यूमस तयार होतो. याच टप्प्यावर गांडुळे सोडता येतात. ताज्या स्लरीत सोडली तर अमोनियाने मरतात, मग लोक गांडुळांना दोष देतात!

पिकले की नाही, कसे ओळखावे

ही परीक्षा शाळेतील मुलांना घरी करता येण्यासारखी आहे. परदेशांतील प्रयोगशाळांत यासाठी ‘क्रेस’ नावाचे बी वापरतात. हे क्रेस म्हणजे बाळंतिणीच्या लाडवात जाते ते आपले अळीव. एक भाग खत व दहा भाग पाणी एका बाटलीत घेऊन तासभर अधूनमधून हलवावे आणि फडक्यातून गाळावे. एका बशीत कागद घालून त्यावर हे पाणी, दुसऱ्या बशीत साधे पाणी घालावे. दोन्हींत दहा-दहा अळीव सुटे सुटे मांडावेत. ओले झाले की ते बुळबुळीत होऊन बोटाला चिकटतात, म्हणून काडीने सरकवावेत. झाकून अंधारात ठेवावे व तिसऱ्या दिवशी मोजावे. समजा साध्या पाण्यात दहाही उगवले व मुळांची सरासरी लांबी ३० मिलिमीटर भरली. खताच्या पाण्यात नऊ उगवले व सरासरी २४ मिलिमीटर भरली. उगवण ९० टक्के, लांबी ८० टक्के, त्यांचा गुणाकार ७२ टक्के. हा आकडा ८० च्या वर असला म्हणजे खत पक्व मानतात. म्हणजे आपल्या उदाहरणातील रास आणखी काही आठवडे मुरली पाहिजे.

याहून सोपी परीक्षा नाकाची. ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून तीन दिवस ठेवावे. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर ठीक. नाक चुरचुरले किंवा सडका वास आला तर नाही.

जड धातू मात्र नाकाला किंवा अळिवाला कळत नाहीत, त्याला प्रयोगशाळाच पाहिजे. खत नियंत्रण आदेशाने शहरी कंपोस्टसाठी दर किलोत कॅडमियम ५ व शिसे १०० मिलिग्रॅमपर्यंतच असावे आणि विद्युत वाहकता ४ च्या वर नसावी अशा मर्यादा घातल्या. ही वाहकता म्हणजे मिठाचे माप. खरकट्यात, लोणच्यात, पापडात मीठ असते आणि ते टाकीत पचत नाही. म्हणून हॉटेलच्या कचऱ्यापासून केलेल्या खताची ही तपासणी विशेष करून मागावी. केंद्र सरकारने २०२३ मध्ये अशा प्रकल्पांतील किण्वित सेंद्रिय खताला टनामागे १५०० रुपये विक्रीसाहाय्य मंजूर केले. खत घेणाऱ्याने त्याच्या तपासणीचा कागद मागणे यात अनादर काही नाही.

खत की भूसुधारक

पक्व झालेल्या मालात नत्राचे प्रमाण एक-दीड टक्क्याच्या घरात असते. युरियात ते ४६ टक्के. ही तुलना करून ‘सेंद्रिय खत कमजोर’ म्हणणे चुकीचे आहे, कारण दोन्हींची कामे वेगळी. युरिया पिकाला खाऊ घालतो, हे जमिनीला सुधारते. म्हणून याला खत म्हणण्यापेक्षा भूसुधारक म्हणणे मला योग्य वाटते. महाराष्ट्रातील पुष्कळ कोरडवाहू जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याहूनही कमी झाला आहे. असा कर्ब वाढला की मातीचे कण गोळीबंद होतात, पाणी जिरते, ओल टिकते व रासायनिक खतही धरून ठेवले जाते. दोन पावसांतील खंड आठवडाभर लांबला तर उभे पीक तग धरते की नाही, हे पुष्कळदा यावर ठरते. ज्यांच्याकडे विहीर नाही अशा एक-दोन एकराच्या धन्यांना त्याची किंमत जास्त.

सर्व जमिनींना मात्र ते सारखे मानवत नाही. कोकणातील जांभ्या, आम्ल जमिनीला स्लरीपासून केलेले, किंचित अल्क खत चांगले. मराठवाडा-विदर्भातील भारी काळ्या जमिनींचा सामू आधीच आठच्या आसपास व निचरा मंद, तेथे खारट माल दरवर्षी ओतला तर जमीन चोपण होण्याचा धोका. तेथे वाहकता पाहूनच घ्यावे व पावसापूर्वी घालावे. एकरी दोन-तीन टन, वखराच्या शेवटच्या पाळीबरोबर मातीत मिसळणे हे साधारण प्रमाण. कुंडीसाठी तीन भाग मातीला एक भाग पुरे. नुसत्या कंपोस्टमध्ये रोप लावू नये.

टाकीत उतरणे

प्रकल्प चालविणाऱ्यांसाठी एक गोष्ट येथेच लिहिली पाहिजे. टाकीच्या तळाशी वाळू व गाळ साचतो, गॅस कमी होतो आणि कोणीतरी म्हणते, ‘एकाला आत उतरवा.’ टाकीत मिथेनबरोबर हायड्रोजन सल्फाइड असतो. थोड्या प्रमाणात त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, प्रमाण वाढले की नाक बधिर होऊन वास येणेच बंद होते. वास नाही म्हणून गॅस नाही असे समजून माणूस उतरतो आणि काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही परत येत नाही. गटारांत व मैल्याच्या टाक्यांत हेच होत आले आहे. २०१३ च्या कायद्याने गटारे व मैलाटाक्यांच्या जोखमीच्या सफाईसाठी माणूस उतरविण्यावर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई सांगितली व २०२३ मध्ये ती तीस लाख केली. बायोगॅसची टाकी कचऱ्याची असली तरी तिच्यातील हवा त्याच जातीची. म्हणून टाकी बांधतानाच गाळ बाहेरून पंपाने किंवा तळच्या झडपेने निघेल अशी सोय मागावी, आणि निविदेत ती नसेल तर त्या कामाला सभासदांनी संमती देऊ नये. कचरा दळण्यापूर्वी त्यातील वाळू, माती, अंड्याची टरफले, हाडे व नारळाच्या करवंट्या काढल्या तर गाळ साचण्याचा वेग पुष्कळच कमी होतो. करवंट्यांनी दळणयंत्राची पातीही तुटतात.